खोट्या बाजारातली चार फुटांची जागा

आमची ही नगरपालिकेच्या नकाशा विभागात आरेखक होती. आरेखक म्हणजे नकाशे काढणारी. चौतीस वर्षांच्या नोकरीतली तीस वर्षं तिने एकाच उंच स्टुलावर बसून काढली, आणि तेवढ्या काळात तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं. बाकी सगळे तिला फूटपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत. तिलाही त्यात गैर वाटत नसे. "फूटपट्टी कुणाला त्रास देत नाही," ती म्हणायची, "वाकड्या रेघेला सोडून."

मी शिंपी. आमची पहिली भेट झाली ती ऑफिसच्या सात खिडक्यांच्या पडद्यांपायी. मी सहज बोलून गेलो, "खाली वीतभर कापड जास्त सोडतो."

"वीत कुणाची?" तिने विचारलं.

मी हात पुढे केला. तिने पर्समधून पट्टी काढली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माझी वीत मोजली आणि वहीत लिहून घेतली. साडेआठ इंच. तोवर मी गावभराची मापं घेत आलो होतो, माझं माप कुणी घेतलं नव्हतं. सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं.

संसारही तिने मापातच केला. घरात कपाट यायचं असलं तर आधी त्या कपाटाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून चार दिवस जमिनीवर पसरलेले असायचे, आणि आम्ही दोघं त्या कागदाला वळसा घालून चालायचो. एकदा मी चुकून त्यावर पाय दिला तर म्हणाली, "अहो, कपाटात काय शिरताय!"

तर अशा बाईच्या वाट्याला हे काम आलं.

आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही. हे मी गावावर राग धरून म्हणत नाही. एक पाण्याची टाकी आहे. एक पूल आहे, पण नदीने मागे कधीतरी अंग चोरून घेतलं आणि आता ती पुलाच्या बाजूने जाते. टाकी आणि पूल यांच्या मध्ये आमचा बाजार. एका अंगाला ओळीने अठ्ठेचाळीस दुकानं, समोरच्या अंगाला गोदामाची लांबच लांब भिंत. बाहेरचं माणूस इथे आलंच तर रस्ता चुकून.

नगराध्यक्षसाहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना डोळ्यांवर चढवायचा हेडसेट घेऊन आले. तो घातला की म्हणे घरबसल्या दुसऱ्या देशातल्या रस्त्यावरून चालता येतं, दुकानात शिरता येतं, वस्तू उचलून पाहता येते, पसंत पडली तर मागवता येते. साहेब तीन दिवस तो घालून ऑफिसात फिरले, दोनदा फायलींच्या कपाटावर आपटले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "लोक गावाकडे येत नाहीत ना? मग गावच लोकांकडे न्यायचं." कागदोपत्री त्या योजनेचं नाव 'आभासी खरेदी व पर्यटन परिसर' असं होतं. आम्ही सगळे त्याला खोटा बाजार म्हणायचो.

गाव संगणकात बांधायला मोठ्या शहरातून एक बाई यायच्या. वयाने आमच्याएवढ्याच, अंगाने भरलेल्या, ऑफिसच्या खुर्च्यांवर विश्वास नसल्यामुळे बसताना स्वतःची उशी सोबत आणायच्या. त्यांना आम्ही संगणकवाल्या बाई म्हणायचो. पण त्यांना बांधायला नकाशा हवा होता, आणि बाजाराची एकूण लांबी चारशे सोळा फूट आहे यापलीकडे नगरपालिकेला काही ठाऊक नव्हतं. तेवढंही ठाऊक होतं ते दोन टोकांना मोजणीचे दगड रोवलेले होते म्हणून. आत प्रत्येक दुकान केवढं, हे मोजणार कोण? सगळ्यांनी एका स्टुलाकडे पाहिलं.

पहिल्या बैठकीतच खटका उडाला. साहेब म्हणाले, "समोर गोदामाची भिंत आहे, तिथे समुद्र दाखवता येईल का?"

"भिंतीच्या जागी भिंत आहे," ही म्हणाली.

"अहो बाई, पर्यटन आहे. लोकांना काहीतरी पाहायला नको?"

"भिंत पाहतील."

साहेबांनी मदतीसाठी संगणकवाल्या बाईंकडे नजर टाकली. बाई उशी सारखी करत म्हणाल्या, "समुद्र टाकायला अर्धा दिवस लागतो. पण उद्या लोकांनी मासळी मागितली तर कोण देणार?" समुद्र तिथेच आटला.

आता मोजायचं कशाने? स्टीलची टेप भांडारात होती. ती मिळायला अर्ज, अर्जावर भांडारपालाची सही, आणि भांडारपालाची जागा दोन वर्षं रिकामी. कार्यभार ज्या कारकुनाकडे होता तो म्हणाला, "मी कार्यभार सांभाळतो, सही सांभाळत नाही." हिने अर्ज टाकून ठेवला आणि घरी येऊन माझ्या गळ्यातली टेप मागितली.

ती टेप माझ्या उस्तादांची. त्यांनी वीस वर्षं वापरली, मग मी सव्वीस. पिवळी पडलेली, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. मी म्हटलं, "अगं, ही कपड्यांची टेप. दुकानं कशी मोजणार हिने?"

"कापड मोजा नाहीतर भिंत मोजा, इंच इंचच असतो," ती म्हणाली. "आणि तुमची टेप आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही."

हे वाक्य तुम्ही नीट ऐका. ही बाई सरकारी मोजणीदाराचा आकडासुद्धा परत तपासून घ्यायची. बाजारातून कापड आणलं तर दुकानदारासमोर उलगडायची. तिने आयुष्यात न तपासता खरी मानलेली एकच वस्तू म्हणजे माझ्या गळ्यातली टेप.

दोन दिवस मोजणी चालली. पहिल्या दिवशी टाकीच्या टोकाकडून निघून ती बटणांच्या दुकानापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी पुलाकडून उलटी निघून छत्र्यांच्या दुकानापर्यंत. ही दोन दुकानं शेजारीशेजारी, मध्ये एकच सामाईक भिंत. दुकानाचं माप, भिंतीची जाडी, पुन्हा दुकानाचं माप, असं ओळीने तिने लिहून काढलं.

बटणांचं दुकान माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. अक्का सकाळी शटर वर करते तेव्हा बोलायला लागते आणि संध्याकाळी शटर खाली ओढते तेव्हाच थांबते, मध्ये गिऱ्हाईक असो वा नसो. शेजारच्या छत्रीवाल्यांशी मात्र नऊ वर्षं अबोला. कारण असं की त्यांनी एक मोठी छत्री उघडून बाहेर टांगली आणि तिने अक्काच्या पाटीचं शेवटचं अक्षर झाकलं. 'बटण भांडार'चं 'बटण भांडा' झालं. लोक वाचून हसत पुढे जायचे. अक्काने पाटीचं ऐकलं आणि ती भांडली.

हिने अक्काचं दुकान मोजलं आणि म्हणाली, "सात फूट सहा इंच."

"सात फूट सात," अक्का म्हणाली. "दुकानाच्या कागदावर लिहिलंय."

"टेपवर सहा आहे, वन्सं."

"मग टेपला लिहितावाचता येत नसेल."

हिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहा. संध्याकाळी अक्का थेट माझ्या दुकानात. "तुझ्या बायकोने माझा इंच खाल्ला. मला तो परत हवाय." घरी आल्यावर ही म्हणाली, "तुमच्या अक्कांना सांगा, इंच मी घरी आणत नाही." मी कात्रीत सापडलो, आणि कात्रीवर तर माझं पोट.

एकटी अक्का असती तर गोष्ट वेगळी. पण मापांची यादी ऑफिसबाहेर लागली आणि रांग लागली. न्हावी म्हणाला, माझा इंच गेला. चष्मेवाल्याने भिंग लावून यादी वाचली आणि तोही तेच म्हणाला. गाद्यांचं दुकान सगळ्यांत मोठं, त्याने जवळजवळ दोन इंच मागितले. चावीवाल्याची टपरी जेमतेम तीन फुटांची. तो बिचारा म्हणाला, "माझं फार नाही हो, चावीच्या जाडीएवढंच कमी भरलंय."

"बघितलंत?" ही मला म्हणाली. "लोभालासुद्धा माप असतं. दुकान जेवढं मोठं तेवढा लोभ मोठा."

मला ते त्या वेळी फार पटलं होतं.

मग तिने माझ्या कटिंगच्या टेबलावर खडूने बेरीज मांडली. दुकानं, भिंती, सगळं मिळून चारशे बारा फूट. बाजार चारशे सोळा. चार फूट कुठेतरी गळाले होते. ती पुन्हा जाऊन मोजून आली. पुन्हा चारशे बारा.

मी सुईत दोरा ओवता ओवता गमतीने म्हटलं, "मग देऊन टाक ना प्रत्येकाला एकेक इंच. अठ्ठेचाळीस दुकानं, अठ्ठेचाळीस इंच, झाले चार फूट. बाजार खूश, अक्का खूश."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी कुणाची विजार उलटी शिवली होती. "बेरीज जुळावी म्हणून खोटं लिहू?" ती म्हणाली. मी दोरा ओवत राहिलो.

शेवटी तिने नकाशात टाकीकडून आलेली दुकानं टाकीकडून मांडली, पुलाकडून आलेली पुलाकडून मांडली, आणि मध्ये, बटणवाली आणि छत्रीवाले यांच्या बरोबर मध्ये, चार फूट कोरे सोडले. तिथे बारीक अक्षरात लिहिलं: माप सापडले नाही.

"प्रत्यक्षात तिथे एकच भिंत आहे ना?" संगणकवाल्या बाईंनी विचारलं.

"आहे. पण जे मी मोजलं नाही ते मी काढणार नाही."

संगणकाला कोरी जागा चालत नाही. जिथे काही सांगितलेलं नसेल तिथे तो राखाडी रंग भरतो. त्याने भरला.

खोटा बाजार सुरू झाला. मी हेडसेट घालून एक चक्कर मारली. खरं सांगायचं तर मला घाबरायला झालं. पाऊल टाकलं की जमिनीवर बाण उमटायचे. प्रत्येक दारातून हाका, "या, बसा, पाहून तर जा!" दर चाळीस पावलांवर अध्यक्षसाहेब हवेतून प्रकट होऊन स्वागताचं भाषण करायचे, आणि ते संपेपर्यंत हात जोडून समोरून हलायचे नाहीत. अक्काचा आवाज तर तिने स्वतः भरून दिला होता. दोन मिनिटांचा मजकूर हवा होता, तिने दोन तासांचा दिला, आणि तो कापायला ती तयार नव्हती. गाद्यांच्या दुकानात शिरलो तर गादीच अंगावर चालून आली. मी जीव मुठीत घेऊन पुढे सरकलो आणि अचानक सगळं थांबलं. आवाज नाही, बाण नाही, साहेब नाहीत. डावीकडे राखाडी, उजवीकडे राखाडी, मध्ये मी. त्या जागेवर कुठलंच दुकान नोंदवलेलं नव्हतं, म्हणून कुणाचीच हाक तिथे पोहोचत नव्हती. मी तिथे उभा राहिलो. किती वेळ, ते ठाऊक नाही. विजार न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने माझा खांदा हलवला तेव्हा भानावर आलो.

महिन्याभराने संगणकवाल्या बाई आकडे घेऊन आल्या. अकरा हजार माणसं येऊन गेली होती. साहेबांची छाती फुगली. बाई पुढे वाचायला लागल्या. लोक एका दुकानात सरासरी दीड मिनिट थांबतात. पाण्याच्या टाकीपाशी नऊ सेकंद. बटण भांडार आणि छत्र्यांचं दुकान यांच्या मधल्या जागेत बावीस मिनिटं.

"तिथे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग लोक करतात काय?"

"तेच."

लोकांनी अभिप्रायही लिहिले होते. 'अप्रतिम. काहीच नाही.' 'रोज दुपारी जेवणानंतर येतो. कुटुंबालाही दाखवले.' 'खूप देश पाहिले, पण असे कुठे नाही.' एकाने पाचपैकी चारच तारे दिले होते, कारण तो गेला तेव्हा तिथे आणखी एक जण होता.

हिने ते सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. घरी येऊन म्हणाली, "अहो, लोक माझी चूक बघायला येतायत."

"चूक कशी? तूच म्हणालीस ना, तीनदा मोजलं."

"तीनदा मोजलं म्हणूनच कळत नाहीये."

मग एक दिवस माणसं खरोखरची आली. आधी एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांची बायको, दोघं बसने सहा तास प्रवास करून. ते अक्काच्या दुकानासमोर उभे राहून डावी-उजवीकडे पाहायला लागले. अक्का म्हणाली, "या, काय दाखवू? हाडाची, लाकडाची, शिंपल्याची?"

"काही नको," अधिकारी म्हणाले. "ते इथलं... काहीच नाही ते कुठे आहे?"

अक्काला तो दुकानाचा अपमान वाटला. तिने त्यांना अर्धा तास बटणं दाखवली. बायकोने शेजारी छत्रीवाल्यांकडे चौकशी केली. छत्रीवाले सज्जन गृहस्थ. त्यांनी छत्र्या बाजूला करून भिंत दाखवली. बाईंनी भिंतीला कान लावला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या. इथेच असणार."

त्यानंतर आठवड्याला एक बस यायला लागली. नंतर दोन. माणसं शहाण्यासारखी ओळीने उभी राहायची आणि भिंतीला कान लावायची. साहेबांनी सभा घेतली. नकाशात चार फूट आहेत, अकरा हजार लोक तिथे उभे राहून गेले आहेत, म्हणजे ती जागा आहेच आणि कुणीतरी भिंतीआड दाबून ठेवली आहे, असं ठरलं. भिंत फोडायचा ठराव झाला. गवंड्याला दिवस दिला.

त्याच आठवड्यात हिचा स्टीलच्या टेपचा अर्ज मंजूर झाला. नवे भांडारपाल रुजू झाले होते आणि त्यांनी जुन्या अर्जांवर डोळे मिटून सह्या केल्या होत्या.

गवंडी घण घेऊन उभा असताना ती तिथे पोहोचली. म्हणाली, "थांबा. फोडायच्या आधी एकदा मोजते." तिने नवी टेप अक्काच्या दुकानात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लावली. वाचली. पुन्हा लावली. मग ती बटणांच्या खोक्यावर मटकन बसली.

"काय झालं गं?" अक्काने विचारलं.

"वन्सं," ती म्हणाली, "सात फूट सात."

अक्का सांगते की त्या क्षणी तिला काय बोलावं सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

हिने गवंड्याला परत पाठवलं आणि सरळ माझ्या दुकानात आली. गळ्यातली टेप माझ्याकडून काढून घेतली, कटिंगच्या टेबलावर पसरली आणि शेजारी स्टीलची ठेवली. कापडी टेपचा साठावा इंच स्टीलच्या साठाच्या पुढे अर्ध्या इंचाहून जास्त सरकला होता. सेहेचाळीस वर्षं दोन शिंप्यांनी ओढून ओढून ती लांबवली होती. एवढ्याने सदऱ्यात काही कळत नाही. पण आठ-नऊ फुटांच्या दुकानात एक इंच जातो, आणि अठ्ठेचाळीस दुकानांत चार फूट.



"तुमचे कपडे कधी बिघडले कसे नाहीत?" तिने विचारलं.

"याच टेपने मापतो, याच टेपने कापतो," मी म्हटलं. "माणूसही चुकीचा, कापडही तेवढंच चुकीचं. बसतं बरोबर."

मला वाटलं रडेल. तशी ती रडणाऱ्यांतली नाही. तिने माझी टेप गुंडाळली, गुंडाळी हातात धरून बसली आणि म्हणाली, "सगळा गाव खरं बोलत होता. चावीवालासुद्धा. आणि मी म्हणाले लोभ."

"माझी टेप होती," मी म्हटलं. "चूक माझी धर."

"तपासली नाही ती मी. तुमची होती म्हणून तपासली नाही." आणि मग, "तसं पाहिलं तर पुन्हा वेळ आली तरी तपासणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती अठ्ठेचाळीस दुकानांत गेली. प्रत्येकाची माफी मागितली आणि स्टीलच्या टेपने मोजून प्रत्येकाचा इंच परत केला. चावीवाल्याने चहा पाजला. मग ती साहेबांकडे गेली.

"साहेब, ती जागा नाही. चूक आहे. मी सुधारलेला नकाशा आणलाय."

"चूक कशी असेल?" साहेब म्हणाले. "लोक पाहून गेले."

"चुकीचीच जागा पाहून गेले."

"मग चूक प्रेक्षणीय आहे असं म्हणा."

तिने हट्ट सोडला नाही. संगणकवाल्या बाईंनी नवा नकाशा चढवला, राखाडी जागा मिटली, बटणं आणि छत्र्या एकमेकांना टेकल्या. दोन दिवसांत तक्रारींचा ढीग लागला. कुणी लिहिलं, डॉक्टरांनी मला रोज वीस मिनिटं तिथे उभं राहायला सांगितलंय. कुणी लिहिलं, आमची चाळीसावी लग्नतिथी तिथे साजरी करायची होती, आता आम्ही कुठे जायचं? सभा पुन्हा बसली आणि एकमताने ठराव झाला. तो मी स्वतः वाचलाय: 'नकाशात चूक नसून गावाच्या बांधकामात चूक आहे. सबब, बांधकाम नकाशाप्रमाणे करण्यात यावे.' म्हणजे अक्काचे दोन फूट आणि छत्रीवाल्यांचे दोन फूट कापून मध्ये चार फूट मोकळे करायचे.

नऊ वर्षांचा अबोला त्या दुपारी सुटला. छत्रीवाले बाहेर येऊन म्हणाले, "बाई, ऐकलंत का?" अक्का म्हणाली, "ऐकलं. आत या, बसा." आणि दोघांनी मिळून हिला बोलावून घेतलं. "तू मोजलंस, आता तूच निस्तर."

तिने दोन दिवस माझ्या टेबलावर कागद पसरून ठेवले. मला शिवायला जागा नव्हती, मी मांडीवर बटणं लावत बसलो. तिसऱ्या दिवशी तिने सभेपुढे तोड ठेवली. खोट्या बाजारात चार फुटांची जागा राहू द्यावी, पण तिच्यावर स्पष्ट लिहावं: 'ही चूक आहे.' खाली मोजणाऱ्याची सही. आणि खऱ्या बाजारात भिंत तशीच ठेवावी. अक्काने भिंतीला लागून आपल्या बाजूचे दोन फूट मोकळे करावेत, छत्रीवाल्यांनी आपल्या बाजूचे दोन. तिथे एकेक बाक टाकावं. दोन आणि दोन चार.

"पण मध्ये भिंत आहे ना?" एका सभासदाने शंका काढली.

यावर नगरपालिकेच्या अभियंत्यांनी बराच विचार केला आणि शेरा मारला, "सदर भिंत ही मोकळ्या जागेतील बांधकाम समजण्यात यावी." ठराव मंजूर झाला.

आज तुम्ही आलात तर अक्काच्या दुकानात दोन माणसं बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसतील, आणि पलीकडे दोन. त्यांच्यासाठी अक्काला गप्प बसावं लागतं. पहिला आठवडा तिला फार जड गेला. मग तिने छत्रीवाल्यांशी चिठ्ठ्या लिहून बोलायची युक्ती काढली. आता दिवसाला चाळीसेक चिठ्ठ्या होतात. जाताना बाकावरची माणसं बटणं घेतात, आणि का घेतली ते त्यांनाही सांगता येत नाही. खोट्या बाजारात 'ही चूक आहे' अशी पाटी लागल्यापासून गर्दी दुप्पट झाली. हिला ते अजून समजलेलं नाही. मी नवी टेप घेतली. वहीतली मापं जुन्या टेपची, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांचे कपडे थोडे घट्ट व्हायला लागले, त्यांनी जेवण कमी केलं आणि माझं काही अडलं नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावाच्या नगरपालिकेने हिला बोलावलं. त्यांनाही खोटा बाजार करायचा होता. मीही सोबत गेलो. तिथल्या अध्यक्षबाईंनी चांगलं स्वागत केलं, जेवू घातलं, आणि मग दार लोटून हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही एखादी तसली चूक करून द्या ना."

"चूक मागून होत नाही हो," ही म्हणाली. "मी मोजते. निघेल ते निघेल."

दोन दिवस तिने तिथला बाजार मोजला. इंच न् इंच जुळला. अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. "पुन्हा एकदा बघता?" त्यांनी विनवलं. तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा जुळलं. निरोप देताना त्या बिचाऱ्या फारच खट्टू झाल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये हिने तिथला नकाशा मांडीवर उलगडला. मग म्हणाली, "तिथल्या टपाल कार्यालयाच्या मागे एक खोली आहे. जुन्या नकाशात आहे, नव्यात ती काढायचीच राहून गेलीय. दार कपाटाच्या आड गेलंय, आडवं होऊन शिरावं लागतं."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "त्यांना तेच तर हवं होतं."

"आत टपालवाल्या बाई एकट्या बसून डबा खात होत्या," ती म्हणाली. "मला पाहून दचकल्या. म्हणाल्या, इथे मला अकरा वर्षांत कुणी हाक मारलेली नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जेवा निवांत. आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं."

पुढच्या थांब्यावर दोन माणसं चढली. आम्ही सरकून त्यांना जागा करून दिली.